डाव्या बाजूचा आवाज

नागपूरहून भावाचा, दिलीपचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या घरी ताईचे धुतलेले गाऊन पिशवीत भरत होते. दुसऱ्या दिवशी ते तिथे दवाखान्यात न्यायचे होते. तो इतकंच म्हणाला, "शालू, आता कपडे नको आणू..." त्याला महिना होऊन गेला.

सुषमाताई माझी थोरली बहीण, रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट. तिनं लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर आम्ही तिघं भावंडं त्याच घरात राहत होतो. ऑफिसात, बाजारात, शेजारीपाजारी सगळीकडे हिंदीच. तिच्यापुरती मराठी उरली होती ती आमच्या तोंडी आणि बाबांनी नागपूरहून आणलेल्या भीमगीतांच्या कॅसेटींत. संध्याकाळी जुना वॉकमन कमरेला खोचून ती पोळ्या लाटायची आणि मध्येच एखादी ओळ अशी खणखणीत म्हणायची की दिलीप बाहेरून ओरडायचा, "ताई, अख्खा मोहल्ला ऐकून राहिला!"

गेल्या उन्हाळ्यात वॉकमनचा डाव्या बाजूचा आवाज जायला लागला. हेडफोनची पिन फिरवून अंगठ्यानं दाबून धरली की खरखरत यायचा, सोडली की गायब. पुढे पुढे दाबूनही येईना, म्हणून आम्ही दोघी गोहलपुरात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं वॉकमन उघडून दाखवला. पिन जिथे बसते त्या जॅकचा टाका निखळला होता. जुना जॅक काढून त्यानं सोल्डर लावून नवा डाखला, कॅसेट लावली, स्वतः ऐकलं. "लो दीदी, दोनों तरफ बज रहा है."

ताईनं हेडफोन लावला. "कुठे? डावीकडे तर काहीच नाही."

मी लावून पाहिला. ढोलकी, पेटी, सगळं दोन्हीकडून स्वच्छ येत होतं. "येऊन राहिला ना, ताई!"

तिनं हेडफोन माझ्याकडून घेतला आणि या खेपेला उलटा लावला, डावी बाजू उजव्या कानाला. दुरुस्तीवाल्यानं पुन्हा सोल्डरची डाखणी उचलली, "फिर से कर दूँ?"

"नहीं भैया, ठीक बना है."

ऑटोत ती डाव्या कानाशी बोटं चोळून पाहत होती. मी म्हटलं, "काय करून राहिली?"

"जॅक बरोबर आहे, शालू... माहा कान गेला."

कानाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. मेंदूला लागून गाठ निघाली. कित्येक वर्षं वाढत असावी, असं म्हणाले. ऑपरेशननंतर तिचा अर्धा चेहरा ओघळला, पाण्याचा घोटही गिळता येईना. आणि ती पूर्ण शुद्धीत होती... मी वॉकमन नेला होता. उजव्या कानाशी धरला, तर तिनं हातानं बाजूला सारला. मी तो परत पिशवीत ठेवला.

भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला तसं म्हणता येत नाही. तिला कुठे सुटायचं होतं? तिला रिटायर व्हायचं होतं, घराला रंग द्यायचा होता.

कान गेल्याचं कळल्यापासून आम्ही तिच्याशी नेहमी उजवीकडून बोलायचो. परवा वरणात मीठ किती टाकू, हे विचारायला मी स्वयंपाकघरात वळसा घालून ओट्याशी ताई उभी राहायची त्या जागेच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले. विचारलंही... थोडं मोठ्यानंच.