गोळ्या मी बंद केल्या

कडेगावच्या आमच्या घरात आजही सगळे हेच सांगतात, की माझ्या बायकोनं हट्टानं गोळ्या सोडल्या आणि ती गेली. हे खोटं आहे. गोळ्या मी बंद केल्या.

बायकोला थायरॉईडची सकाळची एक गोळी वर्षानुवर्षं चालू होती. रिपोर्ट बरा यायचा, ती मात्र बरी नसायची. भाकऱ्या थापता थापता बसून राहायची, उन्हाळ्यातही शाल पांघरायची. मग सांगलीच्या डॉक्टरांनी जुनी गोळी थोडी कमी करून दुसऱ्या हार्मोनची एक बारीक गोळी जोडली. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, करून बघू. छाती धडधडली तर लगेच फोन करा, पण आपल्या मनानं काही बंद करू नका," असं त्यांनी बजावलं. तिला नव्हे, मला. दवाखान्यात तिच्या वतीनं मीच बोलायचो. गोळ्याही माझ्याच ताब्यात असायच्या.

पंधरा दिवसांत ती उसाच्या बांधापर्यंत चालत आली. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला मी बघतच राहिलो, तर म्हणाली, "आवं, असं काय बघताय? सुभेदाराची बायको हाय, परेडला आले."

पुढच्या आठवड्यात तिची छाती धडधडू लागली, तळहातांना घाम येऊ लागला.

"औषध गरम पडतंय तुला," मी म्हणालो.

"डॉक्टरला इचारा की एकदा."

"त्यात काय इचारायचं? दिसतंय की."

उष्णता झाली म्हटलं की आमच्याकडे औषध थांबवून थंड काहीतरी देतात. मी दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि रहिमतपूरच्या एका वैद्याकडून चूर्ण आणलं. धडधड थांबली. माझंच खरं ठरलं, असं मला वाटलं. नंतर हळूहळू तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, बोलता बोलता डोळा लागू लागला. थंडीतल्या एका सकाळी ती हलवूनही नीट जागी होईना.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

लेक शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "हिनंच. लय हट्टी हाय, ऐकतच न्हाई."

बायकोचे डोळे अर्धे उघडे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता लेकीलाही तोच आजार निघाला आहे. परवा माहेरी आली होती. गोळी घेताना म्हणाली, "मी आईसारखा हट्ट न्हाई करणार, आप्पा." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

तिनं एवढंच विचारलं, "आईला तवा ऐकू येत हुतं?"

"व्हय."

संध्याकाळच्या गाडीनं ती सासरी गेली. जाताना पाया पडली नाही.