काट्यावरचं बुडतं जहाज

कादंबरीतला एखादा शूर मेला, की काटेवाले मामा त्या दिवशी बिनसाखरेचा चहा पीत. वणीजवळ कोळशाचे ट्रक तोलण्याच्या वजनकाट्यावर ते नोकरीला. मराठीत आलेल्या जुन्या फ्रेंच साहसकथा ते रांगेतल्या ड्रायव्हरांना मोठ्यानं वाचून दाखवत. जिभेवर न बसणारी नावं बदलून टाकत. उंच तलवारबाज म्हणजे 'केळापूरवाला', कपटी सरदार म्हणजे नुसतं 'साहेब'. नंबर लागला तरी एखादा ड्रायव्हर मागच्याला म्हणे, "तू जाय ना भाऊ पुढं, माझं जहाज अजून बुडून राह्यलं."

मी तेव्हा वाचनालयात नवी ग्रंथपाल. वय तेवीस, चष्मा नाकाच्या टोकावर आणि गावाची अभिरुची जणू माझ्याच पदराला बांधलेली. समितीनं फाटकी पुस्तकं रद्दीत काढायची ठरवली, तेव्हा या कादंबऱ्यांपुढे लाल शाईनं 'निरुपयोगी' असं मीच लिहिलं. अक्षर काय सुंदर आलं होतं, मेलं!

एक पुस्तक मामांकडे होतं. तीन चिठ्ठ्या पाठवूनही येईना, म्हणून मीच तणतणत काट्यावर गेले.

"मामा, पुस्तक द्या. रद्दीत जायचंय."

"अर्धे लोक पाण्यात हायेत, बाई. त्यायले काठावर येऊ द्या पयले."

"आणि हे पानापानावर कोळशाचे अंगठे?"

"मोजा ना! एवढ्यायनं हात लावला ते निरुपयोगी, अन् तुमच्या कपाटातलं कोरं ते कामाचं?"

ड्रायव्हर खो खो हसले. मी जप्तीच्या थाटात स्टुलावर बसले. मामा वाचू लागले. डोलकाठी मोडली, लाट आली, आणि तेवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला. मामांनी पुस्तक मिटलं.

"अहो, पुढे काय झालं?" मी ओरडले.

"उद्या या."

मी रोज जाऊ लागले. जहाज काठाला लागलं, तशी समितीपुढे उभी राहिले. "यादी करताना मी मूर्ख होते, तसं ठरावात लिहा." अध्यक्ष म्हणाले, "बाई, रद्दीवाला कालच येऊन गेला."

उरलं ते एकच. मामा निवृत्त होऊन झरी गावी लेकीकडे गेले, ते काखेत पुस्तक मारूनच. "नोटीस पाठवजा," म्हणाले. मी कधीच पाठवली नाही. मामा तिकडेच वारले.

परवा वाचनालयातल्या पोरीनं फोन केला. जुनी नोंदवही कॉम्प्युटरवर चढवून राहिली आहे.

"आजी, एक पुस्तक आलंच नाही परत. हरवलं लिहू?"

"खबरदार! वाचन चालू आहे, असं लिही."