कडू काढ्याची पीएचडी

संशोधन करणाऱ्या माणसाकडे आधी निष्कर्ष जमतात असं लोकांना वाटतं. माझ्याकडे आधी किस्से जमले. मी धारवाडला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो आणि गुळवेलीतल्या अँटिऑक्सिडंट्सवर पीएचडी करायचो. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. निष्कर्षांची वही अजून पातळच आहे.

सुरुवात गुळवेल शोधण्यापासून. कॉलेजमागच्या झाडावर हृदयाच्या आकाराच्या पानांची झकास वेल चढली होती. मी ती तोडून आणली, वाळवली, कुटली, दोन महिने अर्क काढत बसलो. एकदा बॉटनीच्या मॅडम सहज लॅबमध्ये आल्या आणि उरलेलं पान हातात घेऊन म्हणाल्या, हे मनी प्लांट आहे, झाडावर चढलं की असंच माजतं.

आमच्या लॅबमधले अटेंडंट बसण्णा शेजारीच काचेची भांडी धूत होते. त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या अमृतबळ्ळीचा काढा होतो, आणि अमृतबळ्ळी म्हणजेच गुळवेल. मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"नीव केळलिल्ल री," ते शांतपणे म्हणाले. तुम्ही विचारलंच नाही.

पुढची खरी गुळवेल बसण्णांनीच आणून दिली. ती मी गच्चीवर जागा नव्हती म्हणून कॉलेजच्या अंगणात वाळत घातली. जवळच्या गल्लीतली एक म्हैस आली आणि सगळी खाऊन गेली. पुढचे आठ दिवस मी येता-जाता त्या म्हशीची तब्येत निरखत होतो. काही फरक दिसला नाही, आणि मी प्रामाणिकपणे वहीत तसं नोंदवलं. माझ्या गाइडसरांनी ते पान वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"एका म्हशीवर काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "निदान सहा तरी हव्यात."

आमची मुख्य टेस्ट दिसायला मोठी सुंदर. जांभळ्या रंगाच्या द्रावणात अर्क टाकायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असेल तर जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. माझी गुळवेल अर्ध्या तासाने जेमतेम फिकट जांभळ्यापर्यंत पोचली, तरी मी आनंदाने सरांना हाक मारली. सर हातात बिनदुधाच्या चहाचा कप घेऊन आले. त्यांनी बघितलं. शेजारच्या नळीत त्यांनी आपल्या चहाचे चार थेंब टाकले. माझ्या डोळ्यांदेखत ती नळी पिवळीधमक झाली.

"तुमचं चालू द्या," म्हणाले, आणि उरलेला चहा पीत निघून गेले.

एवढं होऊनही माझी खुमखुमी गेली नाही. हुबळीला केशवापुरातल्या एका महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलं. अँटिऑक्सिडंट्समुळे म्हातारपण कसं लांबणीवर पडतं यावर मी पाऊण तास बोललो. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्या पांढऱ्याशुभ्र डोक्याकडे बघत माझं वय विचारलं. मी चौतीस सांगितलं. त्या समजूतदारपणे म्हणाल्या, म्हणजे तुम्ही स्वतः अजून काढा घ्यायला लागला नसाल.

तीन वर्षं रोज घेत होतो. तसं सांगितलंही. टाळ्या जरा कमीच पडल्या.

आणि आता अप्पांची गोष्ट. धारवाडात सप्तापुरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो ते हे अप्पा, रिटायर्ड हेडमास्तर. साखर वाढलेली, पायाला मुंग्या. डॉक्टर दहा वर्षं चालायला सांगत होते आणि अप्पा दहा वर्षं आरामखुर्चीत बसून घरादाराच्या चुका काढत होते. एकदा माझं बोलणं ऐकून त्यांनी काढा मागितला. मी डॉक्टरांना विचारून घेतलं, थोडासाच द्यायला परवानगी मिळाली. काढा ताजा हवा म्हणून तो लॅबमध्येच करायचो. अप्पा रोज सकाळी दोन मैल चालत कॉलेजात यायचे, काढा घ्यायचे आणि दोन मैल चालत परत जायचे.

तीन महिन्यांत साखर उतरली. डॉक्टर खूश. मी रिपोर्ट घेऊन सरांकडे धावलो. सरांनी एकच विचारलं, हे गृहस्थ येतात कशाने?

त्या प्रश्नाने मी खजील झालो. इतके दिवस त्या माणसाला आपल्या औषधाच्या नावाने मिरवत होतो. आता खरं सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी अप्पा कॉलेजकडे निघाल्यावर मी मागे थांबलो, अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं सांगितलं. गुण काढ्याचा नाही, चालण्याचा आहे. काढा बंद केला तरी चालेल, अप्पा नुसते घराभोवती फिरले तरी पुरे.

अक्का भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी रिकाम्या आरामखुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढा बंद करू नका री," त्या हळूच म्हणाल्या. "माझं बीपीसुद्धा उतरलंय."