नत्थुजीची भट्टी आणि मैनाबाईची वांगी

अकोटच्या कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये नत्थुजीने वीस वर्षं सरकीची पोती वाहिली आणि कंबर कायमची वाकवून घेतली. मग दुसरं महायुद्ध आलं, इंजिनाचं तेल मिळेनासं झालं आणि मालकाने कोळशाच्या गॅसवर चालणारं इंजिन आणलं. त्यावर नत्थुजीला नेमलं. गडी ताठ झाला! भट्टीला हवा बेताची दिली की कोळसा पुरता जळत नाही, त्याचा गॅस होतो. तो ओढून इंजिन फिरतं आणि दोरावरचा फळ्यांचा पाळणा कापसाच्या गाठी माडीवर चढवतो. हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगे.

फक्त रोज बारा वाजता इंजिन बंद पडे. पुण्याहून आलेले नवे मॅनेजर वामनराव भडकले. "आठवड्यात सुधारलं नाही, तर इंजिनावर मुंबईचा माणूस आणि तू पोत्यांखाली!"

इंजिनाचं दुखणं नत्थुजीला पक्कं ठाऊक होतं. बायको मैनाबाई मळ्यातलं वांगं बांधून देई आणि हा ते राखेच्या दारातून भट्टीत भाजे. दार उघडलं की हवा घुसे, गॅस बिघडे, इंजिन मान टाके. सहा दिवस बिचाऱ्याने कोरडी भाकर खाल्ली. सातव्या दिवशी जीभ ऐकेना. पाळण्यात गाठी भरेपर्यंत इंजिन थांबलेलं पाहून त्याने वांगं आत सरकवलं, दार लावलं आणि इंजिन सुरू केलं.

नेमके तेव्हाच, बाराला इंजिन बंद पडतं का ते पाहायला, वामनराव घड्याळ घेऊन पाळण्यात चढले. अर्ध्या वाटेत त्यांचं नाक फुललं.

"काय जळतंय? भट्टीचं दार उघड!"

"आता नोका सांगू, सायेब."

"उघड म्हणतो ना!"

नत्थुजीने हुकूम पाळला. इंजिन फुसफुसून थांबलं आणि पाळणा अधांतरी लटकला.

"मला खाली घे!"

"पाळना अडवून धरनारा खटका सोडाले पयले तो जरा वर घ्या लागते. वर घ्याले इंजिन लागते, इंजिनाले गॅस लागते. अर्धा घंटा तं लागनच. का मुंबईचा मानूस बलावता?"

कापूस निवडणाऱ्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या. नत्थुजीने वांगं बाहेर ओढून दार लावलं, एका हाताने पंखा फिरवत निखारे फुलवले आणि दुसऱ्या हाताने ते सोललं. तेल, मिरची, कांद्याची पात. वास सरळ वर गेला.

बऱ्याच वेळाने वरून हळू आवाज आला, "नत्थुजी, दोरीने डबा वर येईल का हो?"

"येते नं, सायेब. भाकरी किती धाडू?"

सोमवारी पाटी लागली: बारा ते साडेबारा इंजिन बंद. मैनाबाई त्या दिवसापासून दोन वांगी जास्तीची देऊ लागली. एक साहेबांचं आणि एक मुंबईच्या माणसाचं. तो काही आला नाही, म्हणून त्याचंही नत्थुजीच खाई.