टाकीवरच्या मिस्त्रींचं नाक

आमच्या कारखान्यात शेवाळ आणि भाजीचा कचरा बंद टाकीत प्रचंड दाबाखाली शिजवून तेल काढतात. गॅस जरा गळाला, की यंत्राआधी टाकीवरच्या मिस्त्रींना वास यायचा. त्याचा त्यांना केवढा तोरा.

आतली बातमी आमच्या हिने आणली. मिस्त्रींच्या घरी दूध करपलं, तरी हे शेजारीच पेपर वाचत बसलेले.

वहिनींनी विचारलं, "कधीपासून वास येत नाही?"

"झाले चार महिने."

"आणि तसेच कामावर जाताय? इथे पातेलं गेलं. तिथे माणसं आहेत हो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी साहेबांना स्वतःच सगळं सांगून टाकलं. आता ते तळ्यावर शेवाळ गाळतात. त्यांच्या नाकावरून मी जन्मभर टिंगल केली. हल्ली जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळ्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसतो.