पलीकडच्या काठावरची जाळी

“गंगेला दिवस गेलेत, ताई. आता पोळ्यापर्यंत पिठलं करा.”

आषाढ लागला की गावातल्या भोयांचे म्होरके मामा माझ्या खानावळीच्या दारात येऊन एवढंच सांगायचे. माझी खानावळ मासळीच्या ताटावर चालते. मला हे ऐकून कधीच आनंद झाला नाही.

“एखादी मरळ तरी द्या.”

“पोटुशी हाय ती. गिऱ्हाइकाला वाढवंल का तुमाला?”

वाढवलं असतं. पण मामांपुढं तसं बोलता येत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमचं गाव पाथरीच्या अंगाला, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, काठी. पलीकडं दुसरा जिल्हा. मधल्या डोहात दोन्हीकडचे भोई मासे धरत आणि एकमेकांना चोर म्हणत. अंडी घालायच्या दिवसांत ते थांबत नाहीत म्हणून हे थांबत नसत. वाम दिसेनाशी झाली, मरळ बोटभर मिळू लागली. तेव्हा मामांनी तोड काढली. आषाढ-श्रावणात आपली जाळी त्यांच्या गावात ठेवायची, त्यांची आपल्या.

“आपली जाळी वैऱ्याच्या घरात?” लोक ओरडले.

“म्हणूनच. सोयऱ्याच्या घरून हळूच काढून आणताल तुमी.”

हे काही वर्षं चाललं. मग एका आषाढात पलीकडचे लोक तावातावानं आमच्या घाटावर आले. डोहात त्यांना जाळं सापडलं होतं. मामांच्याच थोरल्या लेकानं जाळी देताना मागं लपवून ठेवलेलं.

“आमची जाळी परत द्या. करार संपला.”

मामांनी हात जोडले नाहीत. लेकाच्या दंडाला धरून त्याला त्यांच्या होडीत बसवलं.

“जाळं घावलंय, आता ह्याला बी ठेवून घ्या. पोळ्याला सोडा. पाव्हणा म्हणून न्हाई, जाळं म्हणून.”

सगळे हसले. मामा हसले नाहीत. लेक खरंच पोळ्यापर्यंत तिकडं राबला. करार टिकला.

“डबा पाठवू का त्याला?” मी विचारलं होतं.

“नको. ते खाऊ घालायलेत.” मग थोड्या वेळानं, “सुकलाय मात्र लय.”

म्हणजे रोज काठावर जाऊन बघत होते.

मामा यंदा ज्येष्ठात गेले. आषाढ लागला, तरी आमच्याकडं जाळी गोळा करायला कोणी उठेना. म्हातारा गेला, आता कशाचा करार, असं पारावर बोलणं चालू झालं.

एका सकाळी पलीकडची होडी आली. त्यांनी आपली सगळी जाळी घाटावर उतरवली आणि रिकाम्या होडीत बसून राहिले.

उन्हं वर आल्यावर आमची माणसं एकेक करून जाळी घेऊन उतरली. लेकाच्या त्या प्रकारानंतर मामा दरवर्षी प्रत्येक जाळं उलगडून मोजून घेत.

यंदा कोणीच मोजलं नाही.