आखाजीचा वारा आणि माझे तीन पतंग

पतंग कोणता लावायचा हे वाऱ्याला विचारून ठरवायचं असतं. आमच्या माहेरी ते भाऊला विचारून ठरतं. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची पतंगातली सगळी अक्कल संक्रांतीच्या गच्चीपुरती, पण तोरा असा की वारासुद्धा त्याची परवानगी घेऊनच सुटत असावा.

माझा पतंग संक्रांतीचा नव्हे. तो कापडाचा, चार दोऱ्यांचा, दोन हातांत दोन मुठी धरून उडवायचा आणि माणसाला ओढून नेणारा. तीन चाकांची एक बसकी गाडी असते, तिला बग्गी म्हणतात. तीत पाय लांब करून बसायचं, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि पतंगाच्या ओढीवर पळायचं. मी जळगावच्या एका शाळेत खेळ शिकवते. गुजरातच्या किनाऱ्यावर एका शिबिरात हे शिकले, शिकवणाऱ्याकडूनच त्याचे वापरलेले तीन पतंग घेतले आणि बग्गी जळगावात एका वेल्डिंगवाल्याकडून करवून घेतली. ‘मॅडम, याला ब्रेक कुठाय?’ असं तो शेवटपर्यंत विचारत होता.

जळगावात मोकळी जागा मिळेना. माहेर नरडाण्याजवळ, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीत अजून कोणाला न दिलेले भूखंड पडून आहेत. सपाट मुरूम, ना झाड ना विजेची तार. म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना सगळं बिऱ्हाड जीपमध्ये टाकून नेलं.

खरं कारण जागेचं नव्हतं. कारण होते आबा, माझे वडील. आमच्या घरी संक्रांतीला पतंग मुलांनी उडवायचा आणि मुलीनं मागे मांजाची चक्री धरून उभं राहायचं. मी सगळं लहानपण चक्री धरण्यात घालवलं. मला पण द्या म्हटलं की आबा म्हणायचे, मांजानं पोरीचं बोट कापेल. आणि भावांची बोटं काय लोखंडाची होती? हे मी तेव्हाही विचारलं होतं. आता आबा थकलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, बोलणं अगदी कमी झालंय. पुढच्या आखाजीला ते माळापर्यंत येतील की नाही, देव जाणे. त्यांच्या डोळ्यांसमोर मला एकदा माझा पतंग लावायचा होता. दुसऱ्या दिवशी मी परत जळगावला निघणार होते, म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच संध्याकाळी.

संध्याकाळी असं मी हजारदा सांगितलं होतं. वैशाखात दुपारी जमीन तापलेली असते, वारा धक्के देत येतो, मध्येच वावटळ उठते. ऊन उतरलं की तोच वारा शहाण्यासारखा सरळ वाहतो. पण खापरावरची पुरणपोळी आणि रस पोटात गेल्यावर आमच्या माणसांना झोप यायची सोडून उत्साह आला आणि भर उन्हात सगळे जीपमध्ये जाऊन बसले. आबांना पुढची सीट.

माळावर उतरताच मी वारा मोजायचं छोटं यंत्र काढलं. भाऊनं चिमूटभर माती हवेत उडवली आणि निकाल दिला, ‘मोठा लाव.’

त्याला मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं. माझ्याकडे पाच मीटर कापडाचा पतंग आहे, तीनचा आहे आणि दोनचा आहे. वारा मंद असेल तर मोठा, जोरात असेल तर छोटा. आणि वारा मोजताना तो पडतो तेव्हाचा आकडा धरायचा नाही, धक्का येतो तेव्हाचा धरायचा, कारण माणूस आपटतो तो धक्क्याला. आत्ता धक्के इतके आहेत की दोनचासुद्धा लावू नये, थांबावं.

‘धाकला पतंग तुले काय वढी?’ भाऊ म्हणाला. या माणसानं आयुष्यभर पोरांना वाढत्या अंगाचे सदरे घेतले, त्याला लहान माप म्हणजे तोटाच वाटतो.

तेवढ्यात धाकट्या भावानं बग्गीबरोबर आणलेली माझी चाकांची फळी बाहेर काढली. मोबाइलवर त्यानं त्या फळीवरून उड्या मारणारे लोक पाहिले होते. बाबा रे, बग्गीत आपण खाली बसलेलो असतो, फळीवर उभं राहायचं असतं, जरा जास्त ओढ लागली की थेट तोंडावर, असं मी सांगतेय तर हा विचारतो, ‘ताई, व्हिडिओ कोण काढेल?’ मी कपाळावर हात मारला आणि फळी जीपखाली ढकलली.

मग मी आबांना पाणी द्यायला गेले. तेवढंच निमित्त झालं. वळून पाहते तो भाऊनं पाच मीटरचा पतंग उलगडून दोन्ही मुठी हातात घेतलेल्या, आणि धाकटा पलीकडे कापड उचलून उभा.

पतंग वर गेला तो धक्क्यातच. भाऊ दोन ढांगा पळाला, मग आडवा झाला आणि मुरमावरून घसरत निघाला. या मुठींना मनगटाचे पट्टे असतात, ते पतंगाच्या मागच्या दोऱ्यांना जोडलेले. मुठी सोडून दिल्या की पतंग जागच्या जागी मुकाट खाली बसतो, कुठेही जात नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, ‘सोड, भाऊ, सोड’. आणि धाकटा आणि वहिनी माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते, ‘सोडू नको’. आमच्याकडे हातातला पतंग सोडणं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर नाक कापून घेणं. भाऊनं गल्लीचं ऐकलं. वारा आपणहून पडला तेव्हा कुठे तो थांबला.

गुडघे फुटले, तळवे सोलले, पँटची चाळण झाली. उठून बसल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘मी सोडा नही.’ चेहऱ्यावर केवढा अभिमान. मला त्याच्या जखमांची काळजी वाटत होती आणि त्याच वेळी त्याला दोन लगावाव्यात असंही वाटत होतं.

वहिनीनं पाण्यानं जखमा धुतल्या आणि जाहीर केलं, ‘बस झालं हे, चला घरी.’ सगळे आवरायला लागले. कोणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. पतंग माझे, बग्गी माझी, माहेरपण माझं, आणि हौस फेडून घेतली भाऊनं. मी दोऱ्यांचा गुंता घेऊन उभी होते आणि रागानं मला रडू फुटायच्या बेतात होतं. चाळिशी उलटली तरी मी आपली मागेच उभी.

आबा मात्र जीपमध्ये बसायला तयार होईनात. जीपच्या सावलीत एका दगडावर बसले होते, तिथून हलेनात. धाकट्यानं हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. आता आबांना टाकून तर कोणी जाऊ शकत नव्हतं. ऊन उतरेपर्यंत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

वारा सरळ झाला. मी यंत्र धरलं, बराच वेळ धरलं. तीनचा चालला असता, पण नव्या जागी पहिली फेरी एक माप कमी ठेवूनच मारायची. मी दोनचा काढला. भाऊनं तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

बग्गी आधी रेंगाळली. मग पतंगानं ओढ धरली आणि चाकाखालचा मुरूम करकरत मागे जायला लागला. वाऱ्याला आडवं जायचं असतं, म्हणजे आडवंच परत येता येतं. मनगटात चार दोऱ्यांची ओढ होती आणि ती मी घेईन तेवढीच होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते. पार टोकाला धुळीचा एक लोट उठलेला दिसला. मी मुठी सोडल्या. पतंग खाली बसला. लांबून भाऊचा आवाज आला, ‘गया, गया, पतंग गया.’ मी धूळ जाऊ दिली, मुठी उचलल्या, पतंग पुन्हा वर घेतला आणि परत आले.

भाऊ पुढे आलाच. ‘मी म्हणत व्हतू ना, मोठा लावती तर...’

आबा त्याच्या मागून आले. हातात माझी पतंगांची पिशवी होती, तिचं तोंड उघडलेलं. दोऱ्या गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी असते, मी तिला चक्रीच म्हणते, ती त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आते कोणता लावशी, बाई?’

दुपारपासून माझ्या पतंगाबद्दल सगळे बोलत होते. मला विचारलं कोणीच नव्हतं.

‘मधला,’ मी म्हणाले.

आबांनी मधला काढून दिला, आणि त्याची चक्री धरून माझ्या मागे उभे राहिले.